डाव्या बैलाची नोंद

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना टपरीवरून उठवून लावणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येते... तरी लिहितो.

मी रिठदजवळचा. तीस वर्षं बैलांचे सौदे करतो, तेही कागदाशिवाय, नुसत्या शब्दावर. आमच्याकडे भाव बोलत नाहीत, दुपट्ट्याखाली बोटं दाबून ठरवतात. मात्र त्याआधी विकणाऱ्याने जनावराची खोड तोंडाने सांगायची. हात दुपट्ट्याखाली गेला की मग तक्रार चालत नाही.

सुदाम माझा जुना जोडीदार. चार वर्षांपूर्वी अक्षय तृतीयेला त्याच्याकडून माझ्या शेतासाठी जोडी घेतली. पेरणीत डावा बैल औतासकट खाली बसला. मी, बैलांचा पारखी – गावभर हसू झालं!

"सांगतलं होतं तुले," सुदाम म्हणाला.

"खोटारड्या!" मी ओरडलो. मला पक्कं आठवत होतं, त्याने खोड सांगितलीच नव्हती. तेव्हापासून बोलणं बंद.

पुढे शुगरमुळे विसरायला लागलो. गेल्या वर्षी मुलीने नवा फोन दिला. "बाबा, सौदा झाला का यात बोलून ठेवत जा. कायले डोक्याले ताप?"

गेल्या महिन्यात दुपारी शिरपूरच्या स्टँडवर बसची वाट पाहत फोनमध्ये एका सौद्याची नोंद शोधत होतो. भलतीच निघाली. तारीख त्याच अक्षय तृतीयेची. आवाज माझा, मागे बैलांच्या घुंगरमाळा – "सुदामनं आधीच सांगतलं, डावा औताले बसते. मी म्हटलं, बसू दे, उठवतो मी."

त्या दिवशी माझ्याकडे बटणांचा फोन होता. त्यात आवाज भरून ठेवायची सोयच नव्हती.

चार वर्षं जपलेल्या रागाचं काय करावं कळेना. तडक सुदामच्या घरी गेलो.

"काहून आला बे?" तो बाजेवरूनच म्हणाला.

"ऐक. चूक माहीच होती."

त्याने दोनदा ऐकलं. तोंड उतरलं.

"हे कुठून आणलं? मी सांगतलंच नव्हतं बे... सांगणार होतो, तं तू घाईनं हात घातला. मंग बाजारात तोंड कसं दाखवू, म्हणून खोटं बोललो."

म्हणजे माझी आठवण खरी. आणि नोंद खोटी – माझ्याच आवाजात!

हेच त्याच्या तोंडून वदवायला चार वर्षं धडपडलो. मिळालं, तेव्हा भांडायला अंगात जोर उरला नव्हता. वहिनींनी चहा दिला, प्यालो.

मुलगी म्हणते, फोनची तारीख चुकली असेल. असेल. पण न बोललेलं बोलणं कुठून आलं? मला माहीत नाही. नोंद पुसलेली नाही, पुन्हा ऐकलेलीही नाही.

आता आम्ही बाजारात परत बरोबर जातो. मी दुपट्टा उचलला की सुदाम ओरडतो, "थांब बे, खोड ऐक आधी!"

मी ऐकतो. फोन खिशातच ठेवतो.