कोऱ्या वांग्यातलं पीक

मी मुळातच भित्री भागूबाई. लहानपणी माहेरी कन्हेरीला होते तेव्हा विहिरीच्या काठाशी कधी गेले नाही, आणि मोठेपणी नोकरी मिळाली ती विष शोधायची. बारामतीतल्या एका प्रयोगशाळेत भाज्या आणि फळं तपासायला येतात. त्यांच्यावर फवारलेल्या औषधाचा अंश उरलाय का, उरला असेल तर किती, हे आम्ही मोजतो. आमच्या भागात त्या विषाला औषधच म्हणतात. औषध मारलं, औषध दिलं. मीही तेच म्हणत मोठी झाले, त्यामुळे त्या शब्दात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. भाजी वाटायची, थोडा लगदा नळीत घ्यायचा, त्यात द्रावक आणि क्षार घालून जोरात हलवायचं, नळी गरगर फिरवायची आणि वर येईल तो निवळ द्रव मशीनला द्यायचा. मशीनमधून प्रत्येक औषध आपापल्या ठरलेल्या वेळेला बाहेर पडतं. पडद्यावर सपाट रेघ सरकत असते. औषध असलं की त्या जागी टोक उभं राहतं. त्या टोकाला आम्ही सगळे इंग्रजीतला शब्द उचलून 'पीक' म्हणतो. जितकं उंच पीक, तितकं जास्त औषध.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, हा शब्द भारी आवडला होता. संध्याकाळी सासरच्या गावी, लासुर्ण्याला, एसटीतून उतरून घरी गेले की ते ओट्यावरूनच विचारायचे, आज पीक कसं हाय? मी म्हणायची, आलं न्हाय आबा, बरं झालं. मग ते पोट धरून हसायचे. पीक आलं नाही म्हणून खूश होणारी त्या घरातली मी पहिलीच.

आबांची भाजी बाजाराची. वांगी, भेंडी, मिरची. पण विहिरीजवळच्या दोन सऱ्या घरच्या, त्यांना औषध नाही. अशा घरच्या सऱ्या आमच्याकडे पुष्कळ जण राखतात, आणि त्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्या सऱ्या आबाच बघत. तोडतही तेच, आणि धुऊन माझ्या पुढ्यात ठेवतही तेच.

मला दिवस गेले तेव्हा मी आणखीच भित्री झाले. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात एक गेलं होतं. का गेलं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, मी तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते. बाहेरचं काही खायचं नाही, बाजारची भाजी घरात आणायची नाही, घरच्या सऱ्यांतलं तेवढंच खायचं, असा मी नेम धरला. प्रयोगशाळेतल्या मॅडमनीही मला द्रावकांपासून लांब केलं. नळ्या दुसऱ्या मुली हलवायच्या आणि मी काचेच्या अलीकडे बसून पडद्यावरच्या रेघा वाचायची.

चौथ्या महिन्यात एकदा वांगं चिरताना आतून अळी निघाली. गुलाबी, जाड, वळवळणारी. मी विळी तशीच सोडून मोरीत जाऊन ओकले आणि दिवसभर अन्नाला शिवले नाही. आबा दारात उभे राहून बघत होते. पुढं वांगी चांगली निघू लागली, काळीभोर, तुकतुकीत, एकालाही भोक नसलेली, आणि मी ती पोटभर खाल्ली.

मशीनवर भरवसा ठेवायचा तर त्याला आधी औषध नसलेली भाजी दाखवावी लागते. अशा भाजीला कोरा नमुना म्हणायचं. कोऱ्याची रेघ सपाट आली तरच पुढच्या नमुन्यांचं माप धरायचं. आता वांग्याचा कोरा नमुना मिळवणं म्हणजे सशाची शिंगं शोधणं. बाजारातून सेंद्रिय म्हणून आणलेली वांगी दोनदा खोटी निघाली होती. आदल्या हिवाळ्यात मी आमच्या घरची नेली होती, ती अगदी सपाट आली. तेव्हापासून मी त्यांची फुशारकी मारायची. सहाव्या महिन्यात मॅडमनी पुन्हा कोरी वांगी मागितली, तेव्हा मी ऐटीत पिशवी भरून नेली.

सकाळी अकराच्या सुमारास मी पडद्यासमोर होते. आधी नुसतं द्रावक गेलं. रेघ सपाट. मग आमचं कोरं वांगं गेलं. रेघ सरकली, सरकली, आणि मधेच टोक काढून उभी राहिली.

मला आधी वाटलं, मशीन मळलं असेल. पुन्हा नुसतं द्रावक दिलं, सपाट. नवीन वांगी वाटायला लावली, नवी नळी घेतली. तेच टोक, त्याच वेळेला. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मर्यादेच्या आत आहे. मी मान हलवली. मर्यादा मलाही पाठ होती, पण जिच्या पोटातलं एकदा गेलंय तिच्यासाठी वेगळी मर्यादा कोणत्या तक्त्यात असते? दोन महिने मी तेच खात होते. पोटात बाळ नुकतंच लाथ मारू लागलं होतं, आणि त्या सकाळी ते हललंय की नाही हे मला आठवेना. मी तिथंच पोटावर हात दाबून बसले. बराच वेळ काही जाणवलं नाही. मग हललं, तर त्याचीही भीती वाटली.

मी रजा टाकून दुपारच्या एसटीनं घरी आले. वाटभर वाटत होतं, शेजारचं औषध वाऱ्यानं आलं असेल, पाटाच्या पाण्यातून आलं असेल. आबा सऱ्यांतच होते. माझ्या तोंडून गेलं ते एवढंच, "आबा, घरच्या वांग्यात पीक आलंय."

"आलंय की," आबा खुशीत म्हणाले. "झाडं नुसती लगडल्यात."

"तसलं न्हाय, आबा. मशीनातलं."

त्यांच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. ते खाली बांधावर बसले. मग हळूहळू सांगू लागले, "तुला त्या दिशी अळी घावली आन् तू दिसभर उपाशी ऱ्हायलीस. पोटुशी बाई उपाशी ऱ्हायली, मला बगवलं न्हाय. बाजारच्या वांग्यावर मारून पंपाच्या तळाला उरलं व्हतं, ते ह्या सऱ्यांवर दिलं. तीनदा दिलं. म्हनलं, औषधच हाय."

मी विचारलं, मारल्यावर किती दिवसांनी तोडलंत? बाजारच्या वांग्याला ते तोडणीआधी थांबायचे दिवस न चुकता पाळत, तेही मीच त्यांना शिकवलं होतं. आबांनी हातातलं वांगं बांधावर ठेवलं. "घरचं रोज लागायचं, पोरी. रोज तोडलं."

म्हणजे बाजारात जी वांगी गेली ती माझ्या ताटातल्या वांग्यांपेक्षा बरी होती. मला इतका राग आला की ओरडावं असं वाटलं. पण ओरडू कुणावर? अळी बघून ओकले मी, तुकतुकीत वांगी बघून कौतुक केलं मी, आणि इतकी शिकलेली मी, भोक नसलेलं वांगं घरच्या सरीत कसं येतं, हे एकदाही विचारलं नाही. मी पाठ फिरवून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोन्ही सऱ्या उपटलेल्या. झाडं आबांनी गुरांनाही घातली नाहीत, खड्डा काढून पुरली. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सगळं ठीक आहे, घाबरू नका म्हणून सांगितलं. मी घाबरतच राहिले. कारण माझ्याकडे वांग्याचं मशीन होतं, पोटाचं नव्हतं. घरात आबा आणि मी एकमेकांशी कामापुरतंच बोलायचो. संध्याकाळी ओट्यावरून पीक कसं हाय म्हणून विचारणंही थांबलं. मला वाटायचं, म्हातारा माणूस, विसरला असेल. नवऱ्याला कारखान्याच्या पाळ्यांतून वेळ नसायचा, त्यामुळे रात्रंदिवस ही धास्ती माझ्या एकटीचीच आहे असं मी धरून चालले.

दिवस भरल्यावर बारामतीला दवाखान्यात दुपारी बाळंत झाले. भावकीतली माणसं, शेजारच्या खाटांवरच्या बाया, जो तो आधी काय झालं तेच विचारत होता. आबा सगळ्यांच्या मागून आले. टोपी हातात धरून दाराशीच थांबले, आत येईनात. मी 'या' म्हटलं तरी हलले नाहीत.

"बोटं मोजलीस?" त्यांनी विचारलं.

"मोजली, आबा. हाताची बी, पायाची बी."

मग ते आत आले. बाळाचं दुपटं हळूच बाजूला केलं आणि हात न लावता, ओठ हलवत, स्वतः मोजलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. विसाव्या बोटाशी थांबून त्यांनी डोळे पुसले, खाटेच्या कडेला बसले, आणि मग कुठं विचारलं, पोरगा हाय का पोरगी.