परीक्षेआधीचा फ्लेक्स

सुप्रिया आपल्या बी.एड.च्या कॉलेजात बऱ्याच वर्षांनी गेली, तेव्हा तिथल्या सुभाष सरांनी तिचं जे स्वागत केलं, तसं तिच्या लग्नात नवरदेवाचंही झालं नव्हतं. सर जिना उतरले नाहीत, जिन्यावरून उडत आले. शिपायाने खुर्ची पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. कॉलेजातला एकमेव फिरता पंखा तिच्याकडे वळवून सुतळीने बांधून टाकला. चहात साखर नव्हती, अख्खा ऊस होता. बिचारी बी.एड.चं राहिलेलं प्रमाणपत्र न्यायला आली होती. पण एम.एड.च्या वर्गाला विद्यार्थी मिळत नव्हते आणि दारात आलेली शिक्षिका सर सुखासुखी सोडणार नव्हते. सुप्रिया सासरी, बोरी बुद्रुकला, परतली ती प्रमाणपत्र विसरून, प्रवेश घेऊन.

सासूबाई भिमाबाईंचा अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला. एम.एड. हे बी.एड.पेक्षा मोठं का, एवढंच त्यांनी विचारलं. मोठं आहे म्हटल्यावर विषय संपला.

मग सकाळी शाळा, दुपारी कॉलेज, संध्याकाळी कोकरं. सुप्रियाने प्रबंधाला विषय घेतला, मेंढपाळांची मुलं शाळेत का टिकत नाहीत. त्यातली संदर्भसूची एका कोकराने खाल्ली, ती तिने हसत पुन्हा लिहिली. चाळिशीला टेकलेल्या वयात बाकावर बसून सरांची बोलणी खायला तिला फार मजा येत होती.

सगळं सुरळीत चाललेलं असताना गावची जत्रा आली. तोंडी परीक्षा जत्रेनंतर होती, पण पाहुणे जत्रेलाच येणार. भिमाबाईंनी मुलाला, म्हणजे सुप्रियाच्या नवऱ्याला मच्छिंद्रला, कामाला लावलं आणि फाट्यावर फ्लेक्स चढला. ‘एम.एड. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ मधोमध सुप्रिया, कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून भिमाबाई आणि त्यांचा लाडका मेंढा.

नापास झाले तर जन्मभर या फाट्यावरून तोंड झाकून जावं लागेल, म्हणून सुप्रिया फ्लेक्स उतरवायला सांगू लागली. मच्छिंद्रने आईकडे बघितलं.

“पावण्यांनी वाचलाय त्यो,” भिमाबाई म्हणाल्या. “आता फ्लेक्स नाय उतरायचा. तू पास व्हायचं.”

तोंडी परीक्षा घ्यायला पुण्याहून आलेले साहेब खुर्चीत बसता बसता म्हणाले, “तुम्ही तर पास झालेल्या आहात. येताना वाचलं मी.”

सुभाष सरांनी डोळे मिटून घेतले.

“फ्लेक्स सासूबाईंचा आहे, सर,” सुप्रिया म्हणाली. “निकाल तुमचाच.”

साहेब पोट धरून हसले. मेंढ्याची चौकशी केली आणि मग प्रश्नांनी तिला कांद्यासारखं सोललं. पण ज्या मुलांबद्दल ते विचारत होते, त्यातली निम्मी तिच्या नात्यातलीच. सुप्रिया बोलत राहिली, इतकी की शेवटी साहेबांनीच पाणी मागितलं.

प्रथम श्रेणी मिळाली. पेढे आणू का, म्हणून मच्छिंद्रने आईला विचारलं.

“जत्रंत वाटलं व्हतं की,” भिमाबाई म्हणाल्या.

निकालाच्या दिवशी जेवायला पिठलं-भाकरी होती. फ्लेक्स तोवर कोकरांच्या वाड्यावर छप्पर म्हणून अंथरला होता.