उफणणीचा पंखा आणि करवतीचा भुसा

वारा मला कळतो. ही बढाई नव्हे, सवय आहे. पुणतांब्याला माहेरी आमची सुतारकी आणि जोडीला थोडी जिरायत, त्यामुळे दहाव्या वर्षापासून मी खळ्यावर उफणणीला उभी. तिवईवर चढायचं, बाजरीची पाटी उंच धरायची आणि वारा आला रे आला की हळूहळू ओतायची. दाणा खाली पायाशी, भूस लांब. वारा फिरला की तेच भूस आपल्या नाकातोंडात. दोनदा खाल्लं की तिसऱ्यांदा कुठं उभं राहायचं ते माणसाला न सांगता समजतं. वर सातवी पास, एवढंच माझं शिक्षण. पण एवढ्याच्या जोरावर मी माझ्या नवऱ्याची छाती वाचवली. हे मी कुणापुढेही सांगते, आणि त्यांच्यापुढे तर मुद्दाम सांगते.

लग्न होऊन मी सोनईला आले. सासरीही सुतारकीच. आमच्या ह्यांनी घराला लागून पत्र्याची शेड टाकली होती. एक विजेची मोटर, तिच्यावरून पट्टे, एका पट्ट्यावर चक्री करवत आणि दुसऱ्यावर लेथ. ह्यांना त्या मशीनचा एवढा अभिमान की पाहुणा दारात आला तर चहाच्या आधी करवत चालू करून दाखवायचे. पाहुणा बिचारा कानावर हात ठेवून "वा वा" म्हणायचा.

भुसा तेव्हाही उडायचा. पण त्याचा बंदोबस्त सोपा होता. सकाळी दोन बादल्या पाणी शिंपडायचं, दुपारी दोन बादल्या. भुसा खाली बसायचा आणि मी झाडून, वाळवून भुशाच्या शेगडीत घालायची. संध्याकाळी हे गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गूळ खाल्ला की घशातला भुसा खाली उतरतो असं आमच्यातले सगळे सुतार मानायचे. मीही मानायची. डब्यातला गूळ मी कधी संपू दिला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसं रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामाला गेली. त्या कामांना कुदळी-फावडी लागली, आणि कुदळी-फावड्यांना दांडे. गावात कुणाच्या हाताला काम नव्हतं तेव्हा आमच्या शेडमध्ये बाभळीचा ढीग लागला होता. वाळून खडखडीत झालेली बाभूळ करवतीखाली जायची, मग लेथवर गोल व्हायची आणि फिरत्या दांड्यावर हे काचपेपर धरायचे. त्या काचपेपरची भुकटी पिठापेक्षा बारीक. ती खाली बसायचं नावच घेत नसे. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाचा पट्टा आत यायचा, आणि त्या पट्ट्यात भुकटी अशी दाटलेली असायची की पलीकडचा माणूस धुरकट दिसायचा.

आणि शिंपडायला पाणी कुठलं? दोन हंड्यांसाठी बायका अर्धा अर्धा दिवस आडावर उभ्या. शेडमध्ये ओतायला पाणी हवं म्हटलं असतं तर त्यांनी मलाच आडात ढकललं असतं.

सुताराची एक खोड असते. लाकडावर रेघ मारायची, करवत चालवायची, आणि मध्येच वाकून रेघेवर फुंकर मारायची. भुसा उडतो, रेघ दिसते, की पुन्हा करवत. आमच्या ह्यांची फुंकर म्हणजे काय सांगू! फू केलं की हातभर रेघ लख्ख. एके दिवशी मी चहा घेऊन गेले तर हे फुंकर मारायला वाकले, ओठांचा चंबू केला, आणि फुंकरीऐवजी खोकलाच आला. पाठ वाकवून किती वेळ खोकले. मग सदऱ्याच्या टोकानं रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघत उभी राहिले. त्यांनी फुंकर मारून बघितलीच नाही, सरळ बोटानं भुसा सारला.

ओढतच म्हणा ना, मी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "धुळीसाठी काय करता?"

"गूळ खातो की रोज," हे म्हणाले.

डॉक्टर हसले. "अहो, गूळ जातो पोटात आणि भुसा जातो छातीत. दोघांची वाटेत गाठच पडत नाही." मग त्यांनी नळी लावली, पाठीला लावली, छातीला लावली आणि हसणं थांबवलं. "अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पण असंच चाललं तर दोन पायऱ्या चढवणार नाहीत. एक तर धूळ बंद करा, नाही तर धंदा."

मला त्या गुळाचा असा राग आला! इतकी वर्षं मी त्याच्या भरवशावर निवांत झोपले होते.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "धंदा बंद करून काय भजी तळू?" घरी मी तोंडाला बांधायला धुतलेलं फडकं दिलं, तर म्हणाले, "मी काय दरोडेखोर हाय?" तरी बांधलं. दुसऱ्या दांड्याला ते हनुवटीवर आलं होतं, तिसऱ्याला गळ्यात.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. मोटर घरघरत थांबली.

"आगं, दांडे न्यायला उद्या मानसं येनार हायेत!"

"येऊ द्या. दांडे पुढच्या आठवड्यात पन मिळतील. तुमी मला परत न्हाई मिळनार."

असं मी आधी कधी बोलले नव्हते. त्यांनी हातातला दांडा खाली ठेवला आणि विचारलं, "मग करायचं तरी काय म्हनतीस?"

"उफणायचं," मी म्हणाले.

माझ्या भावानं नव्या हुरूपानं लोखंडी उफणणीचा पंखा घेतला होता, हातानं फिरवायचा, चार मोठ्या पात्यांचा. आणि घेतला तेव्हापासून खळंच झालं नव्हतं. पंखा बिचारा ओसरीत पोत्याखाली पडून. मी पोस्टकार्ड टाकलं आणि आठवड्याच्या आत भाऊ तो पंखा एसटीच्या टपावर टाकून हजर. श्रीरामपूरला गाडी बदलताना कंडक्टरनं त्याला विचारलं होतं, "पाव्हणं, ह्या दुष्काळात काय उफणनार?" आमचा भाऊ म्हणाला, "माझा दाजी!"

पंखा आम्ही रस्त्याकडच्या खिडकीत बसवला, तोंड बाहेर. ह्यांनी करवत लावली आणि मी पंख्याचा दांडा फिरवायला लागले. काय सांगू, भुशाचा लोटच्या लोट खिडकीबाहेर! मी ओरडले, "बघितलं का? बघितलं का?" तेवढ्यात रस्त्यावरून दुसरीच ओरड आली. आडावरून सात-आठ बायका डोक्यावर हंडे घेऊन निघाल्या होत्या, आणि आमचा सगळा भुसा त्यांच्या पाण्यावर.

"आगं ये सुतारनी! सकाळधरनं हुबी हाय मी ह्या पान्यासाठी! आता ह्यो भुसा खाऊ व्हय?"

चूक माझीच होती, तोंड कुठं दाखवणार? वारा मला कळतो म्हणणारी मी, भूस कुठं जाऊन पडणार हेच बघितलं नव्हतं. खळ्याच्या पुढं मोकळं रान असतं, इथं गावाचा रस्ता होता. मी घरातला भरलेला हंडा उचलला आणि सगळ्यात पुढच्या बाईच्या हवाली केला. बाकीच्यांना वरचा भुसा काढून पाणी फडक्यातून गाळून दिलं, बोलणी खात. आत हे हसत होते, आणि हसता हसता खोकत होते.

शेडमध्ये येऊन बघते तर उन्हाच्या पट्ट्यात अजून निम्मी भुकटी तशीच. तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंख्यापासून दहा हात लांब पाटी धरून कुणी उफणतं का? भुसा शेडभर पसरल्यावर त्याच्यामागं धावण्यात काय अर्थ? तो जिथं उडतो तिथंच धरला पाहिजे, आणि जिथून तो कुणाला छळणार नाही तिथंच टाकला पाहिजे.

हे मी ह्यांना सांगितलं तसा त्यांचा चेहरा बदलला. सुताराला अडचण सांगितली तर कंटाळतो, पण वस्तू सांगितली की हात शिवशिवतात. चार दिवस हातकरवत आणि रंधा घेऊन ते अंगणातच बसले. पातळ फळ्यांचं चौकोनी नळकांडं केलं. त्याचं एक तोंड करवतीच्या खाली, दुसरं लेथच्या मागं, सुपासारखं पसरट, काचपेपर धरतात अगदी तिथं. सांध्यांना सरस लावून चिंध्या चिकटवल्या. पंख्याभोवती लाकडी पेटी बांधली, म्हणजे त्याला फक्त नळकांड्यातलीच हवा ओढता यावी. आणि पंख्याचं तोंड मागच्या गोठ्यात. दुष्काळामुळं गाय गुरांच्या छावणीत होती, गोठा रिकामा. गोठ्याच्या सगळ्या फटींना दुहेरी गोणपाट लावलं. हवा बाहेर जाईल, भुसा आत राहील. मोटरवरून आणखी एक पट्टा पंख्याला दिला आणि माझ्या हातांची सुटका केली.

मोटर सुरू झाली. करवतीला हात लावायच्या आधी मी देवघरातली उदबत्ती पेटवून आणली आणि लेथमागच्या तोंडापाशी धरली. धूर सरळ वर जाईना. वाकला आणि नळकांड्यात शिरला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काचपेपर उचलला. पहिला दांडा झाला, दुसरा झाला. मी पत्र्याच्या भोकाकडे बघत होते. उन्हाचा पट्टा होता, पण त्यात तुरळक कण. पलीकडे माझा नवरा स्पष्ट दिसत होता, कपाळावरच्या घामासकट.

"लई शानी हायेस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघायला करवतीइतकी मोटर लागते, म्हणून नीट लक्षात ठेवलंय.

सगळाच भुसा गेला असं नाही. गोठा रिकामा करताना फडकं बांधावंच लागायचं, आणि ते मी समोर उभी राहून बांधायला लावायची. तो भुसा पोत्यात भरून मी त्या हंडेवाल्या बायकांकडे शेगडीसाठी पाठवून दिला. तेव्हा कुठं त्या मला आडावर परत जागा द्यायला लागल्या. गाय छावणीतून आली तेव्हा तिला दुसरा आडोसा करून दिला. तिनं काही दिवस तोंड वाकडं केलं.

खोकला मात्र लगेच गेला नाही. आठवडे गेले. मी तोंडानं ठणकावून सांगायची, "जाईल, जाईल," आणि मनातून भ्यायची. फार उशीर तर नाही ना झाला, हा एकच विचार. डॉक्टरांना विचारायचंही धाडस होत नव्हतं.

मग एका सकाळी एक शेतकरी पेरणीची मोडकी तिफण घेऊन आला. कितीतरी महिन्यांनी दांड्याखेरीज दुसरं काम. हे काम काही मशीनचं नव्हे, म्हणून ह्यांनी शेडबाहेर बसून लाकडावर रेघ मारली आणि हातकरवत धरली. मी त्यांचा चहा घेऊन शेजारी उभी. अर्ध्या रेघेवर करवत थांबली. हे वाकले. ओठांचा चंबू झाला. मी श्वास धरला.

फूऽऽ!

हातभर रेघ लख्ख झाली. खोकला आला नाही. आणि तो सगळा भुसा माझ्या हातातल्या कपात.

एरवी मी शेड डोक्यावर घेतली असती. त्यांनाही ते माहीत होतं. कपाकडे बघून ओशाळून म्हणाले, "चुकलं बाई. दुसरा आन चहा."

"चहा मरू द्या," मी म्हणाले. "आनखी एकदा मारा."