अल धैदच्या जत्रेतली वसुबारस

शारजातल्या अल नहदाहून गाडी निघाली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींच्या मांडीवर पूजेचं तबक होतं आणि चेहऱ्यावर काळजी. दोन हजार दोनच्या दिवाळीतली ही गोष्ट. मुलाकडे, महेशकडे, आम्ही दोघं पहिल्यांदाच गेलो होतो आणि नेमकी तिथं वसुबारस आली. महेश जन्मल्यापासून सुमननं त्याच्यासाठी ही पूजा एकदाही चुकवलेली नाही. गाय-वासरू पुजल्याशिवाय ती अन्नाला शिवत नाही आणि दूध तर त्या दिवशी वर्ज्यच. आता बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटात गाय आणायची कुठून?

"चांदीची पूज की," मी म्हणालो.

"चांदीच्या गाईला पान्हा फुटतो का?" तिनं विचारलं.

वाट काढली महेशनं. शुक्रवारची सुट्टी होती आणि अल धैदला शेतीची आणि जनावरांची जत्रा भरली होती. सुनेला ड्यूटी असल्यामुळे आम्ही दोघं, महेश आणि सात वर्षांचा नातू ओम, असे चौघे निघालो. सकाळी सातला निघताना महेश उभ्या उभ्या काळा चहा पीत होता.

"अरे, चहात दूध घालायचाही कंटाळा?" सुमन म्हणाली.

"सुलेमानी (बिनदुधाचा चहा) आहे आई. इथे सगळेच पितात."

गाडीत ती माझ्या कानाशी लागली. "पोरगं परकं झालं हो." सकाळपासून तिला खरी टोचणी होती ती हीच. ज्याच्यासाठी सारं करायचं, त्याला त्याचं काहीच नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

शहर संपलं आणि तांबूस वाळू सुरू झाली. तासभर दुसरं काही नाही. मग अचानक खजुरीच्या हिरव्यागार रांगा लागल्या, पाटातून पाणी वाहताना दिसलं आणि मी काच खाली करून वेड्यासारखा बघतच राहिलो. जत्रा तर त्याहून थोर! शंभरेक उंट गळ्यात रंगीत गोंडे घालून बसलेले. मनगटावर ससाणा घेऊन फिरणारे गृहस्थ, परातीएवढ्या थाळ्यांत मधासारखे पाझरणारे खजूर. गाईंच्या मांडवात मोठाले पंखे पाण्याचे तुषार उडवत होते. मी तीस वर्षं दूध संघात फॅट मोजण्यात काढली, पण ज्या मुलखात गवताची काडी उगवत नाही, तिथं घागरीएवढ्या कासेच्या गाई पाहून मी मनातल्या मनात हात जोडले.

सुमनला मात्र एकही पसंत पडेना. "यांना वशिंडच नाही. ही कसली गाय?"

शेवटी मांडवाच्या टोकाला सापडली. डोंगराकडची, लहान चणीची, तपकिरी, वशिंडाची गाय आणि तिला बिलगलेलं वासरू. राखणीला गुलखान नावाचा पठाण होता. महेशनं त्याला पूजेचं विचारलं. तो नमाजाच्या घाईत होता. "हां हां, करो," म्हणत निघूनही गेला. सुमननं गाय-वासराचे पाय धुतले, दोघांच्या कपाळावर हळद लावली, वर ठसठशीत कुंकू लावलं, ओवाळलं. तिचे डोळे भरून आले. मग आम्ही निवांत खजूर बघायला गेलो.

तासाभरानं ओमला वासरू पुन्हा पाहायचं होतं म्हणून परतलो, तर दावं मोकळं! शेजारचा शेळीवाला म्हणाला, "वो तो ट्रक में गया. लाल निशान था ना, कटने का माल."

खाटकानं घेतलेल्या जनावराच्या कपाळावर तिथं लाल ठिपका लावतात, हे आम्हांला कुणी सांगितलं होतं! माझी साठीची बायको तबक माझ्या हातात कोंबून मागच्या फाटकाकडे पळाली. वासराचे पुढचे पाय ट्रकच्या फळीवर होते आणि गाय हंबरत होती. सुमन फळीपुढे आडवी उभी राहिली.

"अम्मा, निशान लगा है. खलास," हमाल म्हणाला.

"ते मी लावलंय! माझी पूजेची गाय आहे ती!" ती चक्क मराठीत ओरडली.

तेवढ्यात गुलखान धापा टाकत आला. मागोमाग गाईची मालकीण, तोंडावर बत्तूला (चकाकणारा मुखपट्टा) बांधलेली म्हातारी. हे कुणी केलं, असं तिनं रागानं विचारलं. सुमननं हात जोडले. "मी. माझ्या मुलासाठी."

महेशनं हिंदीत सांगितलं, गुलखाननं अरबीत. म्हातारीनं सहा फुटी महेशकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसत सुटली.

गुलखान म्हणाला, "बोलती है, ये बच्चा? माशाल्ला!"

गाय-वासरू ठाणावर परतलं. पण लाल ठिपका पुसायलाच हवा होता. स्वतः लावलेलं कुंकू पुसायला सुमनचा हात उठेना.

"तू नको पुसूस आई," म्हणत महेशनं पाण्याची बाटली उघडली आणि हलक्या हातानं दोन्ही कपाळं धुतली.

म्हातारीनं खूश होऊन त्याच गाईचं दूध वाडगाभर काढून पुढे केलं. सुमन संकोचली. आज दूध वासराचं, असं महेशनं समजावलं. म्हातारीनं स्वतः वासराचं दावं सोडलं. ते धावत जाऊन आईला लुचू लागलं. तिनं वाडगा महेशपुढे धरला. त्यानंही मान हलवली. "ला, शुक्रन." (नको, आभारी आहे.)

"अरे, तू घे की," सुमन म्हणाली.

"आजी, डॅडी नेव्हर टेक्स मिल्क ऑन काऊ डे," ओम म्हणाला. "एव्हरी इयर! कॅलेंडरवर मार्क करतो तो."

महेश बाटलीचं झाकण लावत बसला. ते कधीच लागलं होतं. सुमननं तबकातलं कुंकू बोटावर घेतलं आणि त्याच्या कपाळावर लावलं. अल नहदाच्या लिफ्टमध्ये लोक बघत होते, तरी त्यानं ते पुसलं नाही. त्या मुलखात मी पुष्कळ नवल पाहिलं. त्यात हे सगळ्यांत मोठं.

आम्ही कराडला परतून बरीच वर्षं झाली. पूर्वी वसुबारसेला सुमन चहाच घेत नसे. आता पूजा आटोपून ती साडेआठपर्यंत थांबते, कारण तिकडे तेव्हा सात वाजतात. मग स्वतःसाठी कपभर काळा चहा करते आणि उभ्या उभ्या पिते.