न मारलेली उडी

वलगावचा देवमन पस्तीस वर्षं अमरावतीत परांच्या बांधत आला. लाकडी बल्ल्या रोवायच्या, आडव्या कसायच्या, वर फळ्या टाकायच्या, सगळं अनवाणी. काम संपलं की प्रत्येक फळीवर स्वतः तीन उड्या मारायच्या आणि मगच खाली येऊन पायात चप्पल घालायची. घमेली घेतलेल्या बाया तोवर खाली थांबत. देवमनने उडी मारली म्हणजे परांची पक्की, असं गवंडीही म्हणत. आणि गड्याला त्याचा ताठाही होता, खोटं कशाला बोला!

पण यंदाच्या इमारतीला परवान्यासाठी एक कागद लागला. 'परांची वरपर्यंत तपासली', आणि त्याखाली बांधणाऱ्याची सही. नियम सोन्यासारखा होता, पाळणारे आपले नेहमीचेच. इंजिनीअर योगेश सकाळीच फाइल घेऊन आला.

"देवमनभाऊ, सही करून टाका. आजच द्यायची आहे."

वरची फळी अजून बांधायची होती. तरी देवमनने सही ठोकली. जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याची सही मागितली होती, तो फुगला. दुपारी फळी बांधून झाली. गुडघा ठणकत होता आणि फाटकावर त्याच्या सहीच्या कागदाची प्रत लटकत होती. आता उडी कशाला? चप्पल घालून तो चहाला गेला.

माणिकबाई घमेलं घेऊन वर चढली. फळी एका बाजूने सुटली आणि ती खाली आली. कमरेचं हाड मोडलं.

चौकशीच्या साहेबांनी कागद वाचला. "तपासलेली आहे. बाईचाच तोल गेला असेल."

योगेशने लगेच मान हलवली. सगळे देवमनकडे पाहू लागले. तो मूग गिळून उभा राहिला, आणि दोष माणिकबाईच्या माथी बसला.

चार दिवस त्याला बायकोच्या नजरेला नजर देववेना. पाचव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. त्याला पाहून माणिकबाईच ओशाळली.

"माह्यापायी तुमाले बोल लागला नं, भाऊ? माहाच पाय घसरला असन. तुमी तं उडी मारलीच असन."

देवमनला वाटलं, धरणी फाटावी आणि आपण पोटात जावं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तो सुटला असता.

"नाही मारली," तो म्हणाला. "कागदावर सही झाली होती, म्हणून मारलीच नाही. उद्या साहेबालेबी हेच सांगतो."

माणिकबाईने मान त्याच्याकडे वळवली.

"कागद मले कुठं वाचता येते, भाऊ?" ती म्हणाली. "मी तं तुमच्या पायात चप्पल पाहून चढली."