पैकीच्या पैकी

आठव्या बाईनंही तेच उत्तर दिलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

इस्लापूरकडच्या एका गावात शाळेच्या ओट्यावर मी सकाळपासून बसले होते. बाळाला वरचं अन्न कधीपासून द्यायचं, या प्रश्नाला आठही जणींचं उत्तर एकच होतं : सहा महिने पूर्ण झाल्यानंतर आईच्या दुधासोबत घरी तयार केलेला मऊ व घट्टसर पूरक आहार द्यावा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. एरवी हाव-न्हाई बोलणाऱ्या बाया या वाक्याशी आल्या की रेडिओवर बातम्या दिल्यासारख्या बोलायच्या. घट्टसर म्हणजे किती घट्ट, असं विचारलं तर आठवीनं माझ्या हातातल्या प्रश्नपत्रिकेकडे बघितलं.

"हे पेपरात न्हाई, म्याडम," ती म्हणाली.

भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला ज्या संस्था आल्या, त्यांतल्या एकीत मी नोकरीला होते. तिकडची घरं उभी राहिली तसं संस्थेनं नांदेड जिल्ह्यात लहान मुलांच्या आहाराचं काम काढलं. आसपासच्या गावांमधून बाया निवडल्या, त्यांना आहारताई म्हणायचं ठरलं. आहारताईनं बिनपगारी घरोघर जायचं, मुलांच्या दंडाचा घेर मोजायचा, आयांना काय नि कसं खाऊ घालायचं ते सांगायचं. हे काम कितपत जमतंय ते तपासायला मला पाठवलं होतं. तपासायचं म्हणजे काय, तर लातूरच्या ऑफिसात साहेबांनी काढलेली प्रश्नपत्रिका तोंडी सोडवून घ्यायची आणि गुण द्यायचे. पदवीला एवढा आहारशास्त्राचा अभ्यास केला तो यासाठी का, असं मला रोज एसटीत बसताना वाटायचं.

उत्तरं कुठून आली ते दुपारी कळलं. त्या भागावर देखरेखीला एक पर्यवेक्षिका होत्या. हिमायतनगरला राहायच्या, आवाज खणखणीत, कामाला वाघीण. त्यांचा मुलगा लातूरला बारावीत होता. पंधरा दिवसांनी त्या त्याच्या खोलीवर लाडू-चिवडा घेऊन जायच्या आणि येताना तिथल्या क्लासची सगळी रीत शिकून यायच्या. संभाव्य प्रश्न, आदर्श उत्तरं, रविवारी सराव परीक्षा. ऑफिसातून त्यांनी प्रश्नपत्रिका आधीच मिळवली होती आणि महिनाभर दर रविवारी सगळ्या आहारतायांना बसवून घोटून घेतली होती.

मी चिडले. असं करून या परीक्षेला अर्थच उरत नाही, असं त्यांना सांगितलं. त्यांना माझं चिडणंच कळेना.

"उत्तरं बरोबर हायत का न्हाई, एवढं सांगा."

बरोबर होती. आठही जणींना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागणार होते, राग त्याचाच होता.

मी प्रश्नपत्रिका पिशवीत टाकली आणि म्हटलं, आता मुलं मोजून दाखवा. नांदेडला आमच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, त्यामुळे फीत कशी धरायची ते मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आले होते. फीत आवळली की माप कमी येतं, सैल सोडली की जास्त. संस्थेच्या फितीवर तीन रंग होते. हिरव्यात आलं तर मूल ठीक, पिवळ्यात आलं तर लक्ष द्यायचं, लाल म्हणजे तडक दवाखाना.

आठवी आहारताई, पेपरात नाही म्हणणारी, त्याच गावातली होती. पन्नाशीकडे झुकलेली, घरची शेती असलेली. मी तिला मावशी म्हणत होते. तिचा हात सगळ्यांत चांगला होता. तिनं पाच मुलं मोजली, मी मागून मोजली, पाचही मापं जुळली. मला बरं वाटलं. मग तिचा स्वतःचा नातू आला, अकरा महिन्यांचा, तिच्या म्हाताऱ्या सासूच्या कडेवर. मावशीनं फीत घातली आणि म्हणाली, हिरवा. मी बघतच होते. फितीखालून माझं बोट सहज गेलं असतं. मी फीत काढून नीट घातली. पिवळा, तोही लालाच्या अगदी जवळचा.

मी जे बोलले ते मला अजून टोचतं. "मावशी, तुम्हीच असं केल्यावर बाकीच्यांना काय सांगायचं?" सगळ्यांसमोर.

ती रडली नाही. पदर सारखा केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "गावभर मीच सांगत फिरून राहिले. माझ्याच घरचं लेकरू पिवळ्यात हाय म्हटल्यावर माझं कोन ऐकंल?"

मग तिनं सगळं सांगितलं. कापूस वेचणी चालू होती. सून उजाडायला शेतात जायची ती दिवे लागताना परतायची. म्हाताऱ्या सासूला धड दिसत नव्हतं. ती पोराला चहात बिस्किट बुडवून द्यायची. आणि मावशी? दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पोरांना भरवायचं कसं ते शिकवत होती. जेवणाच्या वेळीच जा, असा संस्थेचा नियम होता.

या सगळ्याला मी गुण कसे देणार होते? पर्यवेक्षिकाबाई मावशीला एवढंच म्हणाल्या की, नातवाला सोबत घेऊन फिर.

मी ऑफिसात सविस्तर अहवाल दिला. पाठांतर, सैल फीत, वेचणी, जेवणाच्या वेळेचा नियम, सगळं लिहिलं. साहेबांनी शेवटचं पान उलटून गुणांचा तक्ता बघितला आणि खूश झाले. मी म्हटलं, तक्ता खोटा आहे. ते म्हणाले, गुण तर तुम्हीच दिलेत. पुढं त्यांनी पर्यवेक्षिकाबाईंना लातूरला बोलावून त्यांची पद्धत बाकीच्यांना शिकवायला लावली. माझी पानं कुठं गेली ते मी विचारत राहिले. मग विचारणं सोडलं.

दोन महिन्यांनी त्या गावात गेले. मावशी नातवाला काखेत घेऊन एका चुलीपुढं बसली होती. त्या घरच्या बाईनं वरण-भात कुस्करला होता, वर तेल घातलं होतं, आणि दोन्ही पोरं एकाच ताटातून खात होती. मावशी प्रत्येक घरी आधी आपल्या नातवाचाच दंड मोजून दाखवायची, हा बी पिवळ्यात हाय म्हणायची. बाया आधी हसल्या, मग आपापली पोरं पुढं करायला लागल्या. नातू अजून पिवळ्यातच होता, पण लालापासून लांब सरकला होता. ताटातला तो वरण-भात बोटावर घेतला तरी पटकन ओघळत नव्हता. घट्टसर म्हणजे एवढं, असं ती त्या बाईला तेव्हा सांगत होती. मी मागच्या वेळेबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, बसा, खाऊन घ्या.

त्यानंतर मला उमरीकडच्या गावांचं काम दिलं, सोबत साहेबांची नवी प्रश्नपत्रिका. मी तिला हात लावला नाही. पहिल्या गावात आहारतायांना सांगितलं, आधी आपापल्या घरचं मूल आणा, त्याचा दंड मोजू. तिघी उठून घरी गेल्या. एकजण मूल घेऊन परत आली, दोघी आल्याच नाहीत.