तात्यांना जमलं नाही ते एक वाक्य

आमच्या कारखान्यात सैन्याच्या दुर्बिणींची भिंगं बनत, आणि शेवटचा हात फिरवायला ती तात्यांकडे येत. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सतरा वर्षं काढली. काच दिव्यापुढे धरून ते म्हणायचे, "ही अजून जरा रुसलीय," आणि पुन्हा घासायला बसायचे.

त्या खोलीत पाऊल टाकायला सुरक्षा मंजुरी लागे. दर पाच वर्षांनी तिचा अर्ज नव्याने भरायचा. 'परदेशी नातेवाईक' या रकान्यापाशी आले की तात्या हमखास म्हणत, "एखादा तरी असायला हवा होता राव. फारच ओकंबोकं दिसतं."

मग एका खेपेला तो रकाना भरला. त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला बाहेर गेली, तिथल्याच मुलाशी लग्न करून तिथलीच नागरिक झाली. तिला मुलगी झाली. जावई शाळामास्तर, पण जावयाचा भाऊ तिकडच्या सैन्यात होता.

तात्यांची बायको म्हणाली, "मुलीचं लिहा, ते काही लपणार नाही. पण तिच्या दिराचं कशाला? त्याला तुम्ही फोटोत तरी धड पाहिलंय का?"

"विचारलंय ना त्यांनी."

"विचारलं म्हणून घरातलं सगळं ओकायचं?"

तात्यांनी दिराचंही लिहिलं.

दोन महिन्यांनी चौकशीला बोलावणं आलं. तिथे काय झालं ते तात्यांनी मला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. अधिकारी भला माणूस होता. मुलीशी किती बोलता, असं त्याने विचारलं.

"दर रविवारी. नातीला दात येतायत, ते दाखवते."

"कामाबद्दल?"

"तिला वाटतं मी चष्म्याच्या काचा घासतो."

अधिकारी हसला. मग म्हणाला, "समजा काका, उद्या तिकडे कुणी तुमच्या मुलीला अडकवलं आणि सोडायच्या बदल्यात इथली माहिती मागितली. काय कराल?"

तात्या म्हणाले, "खरं सांगू साहेब? मला नाही माहीत."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "नीट विचार करा. 'ताबडतोब वरिष्ठांना कळवीन' एवढं म्हणालात तरी मी तसं लिहून घेतो."

"कळवीनही. पण पोरीच्या जिवावर बेतलं तर बाप काय करून बसेल, हे आज या खुर्चीत बसून कसं सांगू?"

मी कपाळावर हात मारला. "अहो तात्या, एक वाक्य तर म्हणायचं होतं!"

"जीभच रेटली नाही रे," ते म्हणाले.

पत्र आलं. निष्ठेबद्दल शंका नाही, मात्र परदेशातील नात्यांमुळे दबाव येण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्याच दुपारी त्यांचा पास काढून घेतला. त्यांचा चष्मा खोलीतच राहिला होता, तो मी बाहेर आणून दिला. त्यांची बदली फाटकाजवळच्या शेडमध्ये झाली, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

त्यांनी अपील केलं. बायकोला राहवलं नाही, तिने मुलीला सगळं सांगून टाकलं. त्या रविवारी मुलगी रडत म्हणाली, "बाबा, निकाल लागेपर्यंत आपण बोलायलाच नको."

तात्या 'असं करू नकोस' म्हणाले नाहीत. ते त्यांना पुढे फार लागलं.

अकरा महिन्यांनी अपील फेटाळलं गेलं. बोलणं थांबवल्याने नातं संपत नाही, असं त्यात म्हटलं होतं. वर, संपर्क अचानक का थांबला याचं समाधानकारक कारण दिसत नाही, हेही होतं.

तात्यांनी लगेच मुलीला फोन लावला. नात आता बोलू लागली होती, पण सगळं तिकडच्या भाषेत. पडद्यावरच्या माणसाकडे तिने क्षणभर पाहिलं आणि ती आईच्या मागे लपली. पुढचे रविवारही आले, पण बोलणं तब्येतीपाशी येऊन थांबे.

एकदा मी शेडवर गेलो होतो. तात्यांनी हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली. "माझ्या जागी आलाय त्याचा हात कसा आहे रे? बाहेरची गोलाई जमते का त्याला?"

मी चुळबुळलो. "तात्या, आतलं बाहेर बोलता येत नाही मला."

"हो की. विसरलोच," म्हणत त्यांनी माझ्यासाठी खोकं पुढे सरकवलं. "बस."

मी बसलो.